कुंडाचा गॅस थांबला तेव्हा

अक्कल यायच्या आधी मला शब्द आले, आणि त्यांतला सगळ्यात जड शब्द होता ‘मॅग्मा’. आमच्या गावची शाळा सातवीला संपायची, म्हणून पुढच्या शिक्षणासाठी बाबांनी मला अलोऱ्याला मामाकडे ठेवलं होतं. मामा कोयना प्रकल्पात कामाला होता. वसाहतीत नळाला पाणी होतं, रस्त्याला दिवे होते आणि अधूनमधून जमिनीला हादरेही होते. फळीवरची भांडी किणकिणायला लागली की मामी तव्यावरची नजर न काढता “आला गो” एवढंच म्हणायची आणि भाकरी उलटायची. अशा घरात राहिल्यामुळे पृथ्वीच्या पोटातल्या घडामोडींवर बोलायचा हक्क आपल्याला आपोआप मिळाला आहे, असं मला वाटू लागलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये घाटावरून बदली होऊन आलेले एक साहेब राहायचे. त्यांच्याकडे विज्ञानाची मासिकं यायची. माझी हावरी नजर बघून ते मला ती वाचायला द्यायचे आणि वर समजावूनही सांगायचे. ज्वालामुखी त्यांनी मला सोडावॉटरच्या बाटलीवरून शिकवला. जमिनीखालच्या तप्त रसात वायू मुरलेला असतो. रस वर सरकला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे सुटतात आणि तेच रसाला वर ढकलतात. रस पातळ असला तर वायू सहज निघून जातो आणि लाव्हा नुसता वाहत सुटतो. रस घट्ट असला तर वायू आत अडकून बसतो आणि मग सगळं फुटतं. हे मला लगेच पटलं, कारण कुळथाची पिठी मी लहानपणापासून ढवळत आले होते. पातळ पिठी गपगुमान उकळते, दाट झाली की थडथड उडून हात भाजते.

शेवटी साहेब एक वाक्य बोलले आणि त्या वाक्यानं माझं डोकं कायमचं फिरवलं. ते म्हणाले, “हे बघ पोरी, डोंगर धुमसतोय तोवर लोक भितात. पण कधीकधी धूर एकाएकी थांबतो. तोंडाशी बूच बसलेलं असतं नि आत दाब वाढत असतो. खरं भ्यायचं ते तेव्हा.” लगेच त्यांनी पुस्तीही जोडली, की दरवेळी तसंच होतं असं नाही, कधी वायू वाढतो आणि मग डोंगर फुटतो, कधी थांबतो आणि काहीच होत नाही, म्हणून तर शास्त्रज्ञ तिथे ठाण मांडून रोज वायू मोजत बसतात. ही पुस्ती मी ऐकली नाही. म्हणजे कानांवर पडली, पण त्या वयात मी फक्त धडकी भरवणारीच वाक्यं साठवून ठेवत असे.

दहावीची परीक्षा देऊन मी गावी परतले ती हे सगळं सामान घेऊन. आमचं गाव पालीच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत. घर जांभ्याचं, पुढे खळं, मागे फणस आणि काजूची दोन-चार झाडं. आई मी लहान असतानाच गेली. घर चालवायची बाबांची थोरली बहीण, आमची आते. ती बालपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून बोलत होती. पहाटे चूल पेटवताना ती ओल्या लाकडांशी बोलायची, मग कोंबड्यांशी, मग कोंबड्या चोरणाऱ्या मुंगसाशी, आणि दुपारी जेवायला वाढताना आम्हा सगळ्यांशी एकदम. तिला तोडीस तोड उत्तर द्यायला होती माझी थोरली बहीण नमूताई. नमूताई विळीवर नारळ खवताना गाणी म्हणायची, मध्येच थांबून आतेशी भांडायची आणि जिथे सोडलं होतं तिथून गाणं पुढे न्यायची. सकाळी पेजेची रवरव, विळीची करकर आणि ह्या दोघींची खडाजंगी, आजवर सुट्टीत घरी आले की ह्या आवाजावर मला जाग यायची. बाबा मात्र ह्या सगळ्यात मुके. त्यांना काही विचारलं की ते “बघू” म्हणायचे आणि पाटाचं पाणी वळवायला निघून जायचे. त्या एका ‘बघू’चा अर्थ तोपर्यंत कुणी लावलेला नव्हता.

गावाच्या खालच्या अंगाला गरम पाण्याचं कुंड आहे. काळ्या दगडात बांधून काढलेलं, छातीभर खोल, पाणी पांढुरकं आणि त्याला गंधकाचा वास. एका कोपऱ्यात दगडांच्या फटीतून दिवसरात्र बुडबुडे यायचे, आणि तिथलं पाणी इतकं कढत की त्या बाजूला कुणी उतरत नसे. लोक अंघोळीला येत, खरूज झालेली पोरं आणत, वाताचे म्हातारे पाय सोडून बसत. आजवर मीही तिथे फक्त अंघोळच करत आले होते. पण आता माझी दृष्टी बदलली होती. मी काठावर बसून बुडबुड्यांकडे असं बघायला लागले, की एका म्हातारीनं मला विचारलं, “काय हरवलां गो?” मी तिला सांगितलं, की हा पृथ्वीच्या पोटातला गॅस आहे आणि तो येतोय तोवर काळजीचं कारण नाही. म्हातारीनं हात जोडले. मला की गॅसला, ते कळलं नाही, पण मी ते स्वतःकडे घेतले.

इथे थांबून एक सांगायला हवं, कारण पुढे आयुष्यभर मी शाळेत भूगोल शिकवला आणि हे वाचणाऱ्यांत माझे विद्यार्थीही असतील. आमचा सगळा काळा कातळ लाव्ह्याचाच आहे, हे खरं. पण तो लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला. कुंडाचं पाणी तापतं ते ज्वालामुखीमुळे नव्हे. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि पुन्हा वर येतं. त्यातून येणारे बुडबुडे बहुतेक नायट्रोजनचे, म्हणजे आपण श्वासात घेतो त्या हवेतलाच बिनकामाचा भाग. तेव्हा पुढे ज्याच्या जोरावर मी गाव हलवायला निघाले, तो वायू इतका गरीब होता.

मी घरी आले तेव्हा नमूताईचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा खेडकडचा, मुंबईत नोकरीला. नमूताई बारावी झाली होती आणि घरी मी पाऊल टाकल्यापासून तिच्यात एक फरक दिसत होता. ती बोलत नव्हती. नारळ खवायची तो नुसता खवायची. आते तिला काही टोचून बोलली तरी “बरं” म्हणायची. येणारीजाणारी प्रत्येक बाई आतेला सांगायची, “लग्न ठरलां नि पोरगी कशी शहाणी झाली बघा!” आते डोळ्यांना पदर लावायची. मलाही ते पटलं होतं. एका संध्याकाळी ओटीवर बसून मी सगळ्यांना ज्वालामुखी समजावून सांगत होते. नमूताई फणसाच्या आठळ्या सोलत होती. वायू बाहेर पडतोय तोवर धोका नाही, तो गप्प झाला की समजावं, हे मी हातवारे करून सांगितलं. नमूताईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला माझं कौतुक वाटतंय.

लग्न चार दिवसांवर आलं असताना सकाळी मी कुंडावर गेले, तर बुडबुडे बंद. पाणी ताटासारखं स्थिर. मी काठावरून वाकून बघितलं, काठी घालून ढवळलं, उलट्या बाजूनं जाऊन पाहिलं. काही नाही. मी घाबरले असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे मला आनंद झाला होता. मासिकात वाचलेली गोष्ट माझ्या गावात, माझ्या देखत घडत होती! मी धावत वर आले आणि जो पहिला दिसला त्याला म्हणाले, “गॅस थांबला.” तो होता गुरव. गुरवानं ते देवळात नेलं, देवळातून ते वाडीवाडीत गेलं आणि दुपारपर्यंत गावात असं झालं की कुंडाखाली डोंगर फुगतोय आणि अलोऱ्याहून शिकून आलेल्या पोरीनं ते मोजून सांगितलंय. मी काहीही मोजलं नव्हतं, पण खोडलंही नाही. बायका गुरं वरच्या सड्यावर, उंच कातळमाळावर, न्यायची भाषा करू लागल्या. कुणीतरी माळ्यावरचं भात उतरवलं. लोक मला विचारायला घरी यायचे आणि मी ओटीवर मांडी घालून त्यांना सोड्याची बाटली समजावून सांगायची. आतेनं माझी खोड मोडली असती, पण ती त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं लग्नाचा चुडा घ्यायला पालीला गेली होती आणि रात्री तिथल्या नात्यातल्या घरी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेडहून नवऱ्या मुलाचे चुलते हजर झाले. बातमी तिथवर कशी पोचली कोण जाणे. त्यांनी चहा घेतला नाही. “आमचं दोन गाड्या वऱ्हाड यायचंय,” ते बाबांना म्हणाले, “तुमच्या गावाखाली काय शिजतंय ते आधी कळू दे. नाहीतर लग्न मोडलं समजा.” बाबा नेहमीप्रमाणे “बघू” म्हणाले, पण त्या ‘बघू’मध्ये पहिल्यांदाच मला घाबरल्यासारखं काही ऐकू आलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की माझ्या बाटलीच्या झाकणाखाली ताईचं लग्न होतं. मी म्हणाले, “शास्त्रज्ञ म्हणतात की दरवेळी तसंच होतं असं नाही.” ही पुस्ती मला तेव्हा आठवली. पण आता कुणाला ती ऐकायची नव्हती. गावकऱ्यांनी ठरवलं, देवाला कौल लावायचा. आमच्याकडे अडलेला प्रश्न देवापुढे मांडतात, मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या कळ्या लावतात, आणि उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

देवळात सगळं गाव जमलं. चुलते खांबाला टेकून, बाबा मान खाली घालून, बायका सभामंडपाच्या पायरीशी, त्यांत नमूताई. मला जाणकार म्हणून पुढे उभी केली होती. गुरवानं कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, बारा वाड्यांच्या राजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे.

“आज ही तुजी लेकरां तुज्या पायाशी जमली हायत. कशासाठी जमली हायत? तर आपल्या कुंडाचा जो काय...” इथे त्यानं मान वळवून हळूच मला विचारलं, “काय गो नाव त्येचां?”

“गॅस,” मी पुटपुटले.

“जो काय गॅस हाय, तो कालपासनं थांबलेला हाय!”

“व्हय म्हाराजा!”

“तो कुणा वैऱ्यानं, कुणा भुताखेतानं अडवून धरलेला असंल, तर त्येची वाट मोकळी कर. नि आमच्या नमूचं लगीन निर्विघ्न पार पाड!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले. विज्ञानाची विद्यार्थिनी.

सगळे कळीकडे बघत उभे राहिले. कळी हलेना. तेवढ्यात देवळाच्या बाहेर, वाटेवरून, आतेचा आवाज आला. ती गाडीतून उतरून तशीच कुंडावर गेली होती आणि आता एक ठिबकतं गोणपाट ओढत, तोंडाचा पट्टा चालवत देवळाकडे येत होती. “कुणी लक्ष देल तर शपथ! काल पहाटे आठळ्या शिजत टाकून गेले, धोंडा बांधून. सांजच्याला कुणीतरी काढील म्हटलां. तश्शाच! लगदा झाला गो आठळ्यांचा! लग्नघरच्या उसळीला आता काय घालू, माजां डोकां?” आमच्याकडे मोठं जेवण असलं की आठळ्या गोणपाटात बांधून कुंडात सोडायचे, लाकडं वाचतात. आतेनं पहाटेच्या अंधारात ते गोणपाट सोडलं होतं आणि ते धोंड्यासकट बरोबर त्या फटीवर जाऊन बसलं होतं. कुणीतरी धावत कुंडावर जाऊन आलं आणि ओरडलं, “सुटला! गॅस सुटला!”

देवळात असा हशा उठला की गुरव गाभाऱ्यात हसून खाली बसला. मी जमिनीत जायला भेग शोधत होते. चुलतेही हसले, डोळे पुसत बाबांना म्हणाले, “मग झालं तर! ठरल्या दिवशी बार उडवून टाकू.” बाबांनी हात जोडले. आणि त्या हसण्यातच, पायरीवरून, नमूताई बोलली.

“कुंडाला विचारलंत,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण इतके दिवस तो कुणी ऐकलेला नसल्यामुळे सगळ्या माना पायरीकडे वळल्या. “देवाला विचारलंत. ह्या कुंदीला विचारलंत, जिला अजून दहावीचा निकाल नाय. मला कोणी विचारलां?” मग मात्र तिचा आवाज चढला. “माजी रत्नागिरीला जागा झाली हाय, मास्तरणीच्या कॉलेजात. बाबांना सांगितलां, बाबा म्हणाले बघू. आतेला सांगितलां, ती म्हणाली सासरी विचार. सासरच्यांना विचारलां, तर हे काका म्हणाले, पोरीला येवढां बोलायची सवय बरी नव्हं. मग मी बोलायची बंद झाले. नि तुमी सगळे काय म्हणालात? शहाणी झाली! नाय करायचां मला हे लगीन. शिकल्याबिगर नाय करायचां. कळी उजवी पडू दे नायतर डावी!”

चुलते उठले, चपला शोधल्या आणि निघून गेले. त्यांच्या मागे कुणी गेलं नाही. आतेच्या हातातलं गोणपाट तसंच ठिबकत होतं आणि आते, आमची आते, एक अक्षर बोलत नव्हती. मी ताईकडे बघत होते आणि मला इतकी लाज वाटत होती की अजून वाटते. आठळ्यांची नाही. आठळ्यांवर मी नंतर पुष्कळ हसले. घरात दिवसरात्र वाजणारं माणूस गप्प झालं होतं, आणि गप्प होणं म्हणजे काय ह्याचं व्याख्यान मी तिच्याच समोर बसून दिलं होतं, ती माझ्याकडे बघत असताना. मध्येच कधीतरी कळी पडली होती. उजवी की डावी, कुणी बघितलंच नाही.

त्या रात्री कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी आतेनं आठळ्यांच्या लगद्यात गूळ-खोबरं घालून कसलेसे लाडू वळले, ते कुणालाच गिळवेनात, तरी सगळ्यांनी खाल्ले. बाबा बरेच दिवस पाटाच्या पाण्यावरच असत. मग एका सकाळी त्यांनी माळ्यावरून आईची ट्रंक खाली काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि ताईला म्हणाले, “काय काय न्यायचां हाय, भर. मी येतंय पोचवायला.” ‘बघू’चा अर्थ इतक्या वर्षांनी आम्हाला कळला. तो होता, ‘मला भीती वाटते’. ताई ट्रंक भरता भरता रडत होती आणि गात होती, आणि आते तिला सांगत होती की रडायचं तरी रड, नाहीतर गा तरी. दोन वर्षांनी माझ्या वेळेला बाबांनी ‘बघू’ म्हटलंच नाही. सरळ विचारलं, “कुठं जायचां तुला?”

ताई शिक्षिका झाली, पुढे मुख्याध्यापिका झाली, लग्नही तिनं तिच्या मर्जीनं, शाळेतल्याच एका सरांशी केलं. आता निवृत्त होऊन खेडला राहते. मी वर्षानुवर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढला, लाल खडूनं रस, पांढऱ्या खडूनं वायू. पोरं विचारायची, “बाई, तुम्ही खरा बघितलाय?” मी म्हणायची, “एकच. देवळाच्या पायरीवर.” पोरांना वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. साहेबांची पुस्ती मात्र मी दरवर्षी न चुकता सांगितली, की थांबलं म्हणजे फुटेलच असं नाही, पण थांबलं की जाऊन बघावं.

ताईचा मला रोज सकाळी फोन येतो. तिच्या गुडघ्यांपासून सुरुवात होते, मग जगबुडी नदीचं पाणी, मग मासळीचे भाव, मग सुनेनं आमटीत काय घातलं, आणि मध्येच एखादं गाणं. मी फोन कानाशी धरून चहा करते, भाजी चिरते, ‘हं’ म्हणते. परवा फोन आला नाही. मी नऊपर्यंत वाट बघितली. मी लावला, तर बंद. दहाच्या एसटीत मी बसले होते. निघताना मुलगा म्हणाला होता, “आई, बॅटरी संपली असेल, इतकं काय त्यात?” खरंच होतं त्याचं. वाटेत मी स्वतःला खूप हसले, ह्या वयात, एका फोनसाठी, गाडी धरून खेडला.

दार ताईनंच उघडलं. फोन तांदळाच्या डब्यात पडून बंद झाला होता, तिला आत्ताच सापडला होता. मला दारात बघून तिनं कपाळाला हात लावला. “काय गो, वेड लागलां काय तुला? कुणी मेलं का? उन्हातनं अशी एकटी आलीस, काही खाल्लंस का, बीपीची गोळी घेतलीस का, आणि ही कसली चप्पल, घसरून पडली असतीस म्हणजे...” ती बोलत राहिली. मी आत जाऊन खुर्चीत बसले, पाय वर घेतले आणि म्हटलं, “बोल.”